मंजुळा केणीच्या तीनशे बारा चुका

माणूस हीच संस्थेची खरी संपत्ती होय. मानपाड्याच्या सतरा नंबरच्या गाळ्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं दिसे, आणि नवा माणूस ते वाचून क्षणभर गंभीर होई. १९९८ च्या जूनमध्ये या वाक्याखाली संपत्ती चौसष्ट होती आणि खुर्च्या बावीस.

म्हणून संपत्ती तीन पाळ्यांत येई. "बावीस त्रिक सहासष्ट. म्हंजे दोन खुर्च्या वरच ऱ्हातात," असं मालक पोपटशेठ भोईर पाहुण्यांना सांगत. एमआयडीसी आली तेव्हा त्यांच्या घरची भातशेती गेली आणि पुढे हा गाळा हाती आला. आधी त्यात ते कापडाचे रंग बनवत. मग एकदा ठाण्यात कोणाचं तरी कॉम्प्युटरचं ऑफिस त्यांनी पाहिलं. तिथे वास येत नव्हता आणि एसी होता. एवढं पाहून त्यांनी धंदा बदलला. भिंतीचा खालचा हातभर भाग मात्र जांभळाच राहिला.

श्रीपाद बिवलकर हा या गाळ्यातला पहिला नोकर. वय एकेचाळीस, बी.एस्सी., राहायला डोंबिवली पूर्वेला. सभ्य माणूस. कोणाला वाईट बोलायचं झालं तर तो आधी त्याची तब्येत विचारी, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबे.

काम असं होतं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे प्रोग्राम फार जुने होते, आणि त्या काळी जागा वाचवायला सालाचे दोनच आकडे लिहीत. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, आणि त्यापुढे शून्य शून्य. शून्य शून्य म्हणजे २००० हे कॉम्प्युटरला कळणार नव्हतं. तो सरळ १९०० समजून बसणार होता. तेव्हा लाखो ओळींमध्ये जिथे जिथे तारीख असेल तिथे जाऊन दोनाचे चार आकडे करायचे. तांदूळ निवडण्यासारखं काम. पण एक खडा राहिला, तर कुठल्या तरी शहाण्णव वर्षांच्या आजीबाईंना चार वर्षांची समजून बालविम्याचं पत्र जाणार.

सुरुवातीला माणसं सहा होती आणि रिवाज एकच होता. एकाने केलेलं काम दुसऱ्याने वाचायचं. चूक सापडली की दुपारी डबा खाताना सगळ्यांसमोर सांगायची. ज्याची चूक, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुरती एक भाजी जास्त आणायची. श्रीपादच्या बायकोला नवऱ्याची ऑफिसातली प्रगती अळूच्या जुड्यांवरून कळे. सहांतली सर्वांत धाकटी मंजुळा केणी, डिप्लोमावाली, ठाण्याच्या कोपरीतली कोळ्यांची मुलगी. तिने तीन वर्षांत एकदाच जास्तीचा पदार्थ आणला, सुकटीची चटणी. ती संपल्यावर कळलं की चूक श्रीपादची होती.

"असूं दे सर," मंजुळा म्हणाली. "तुमच्या अळूपेक्षा बरं झालं सगळ्यांना."

१९९७ मध्ये अमेरिकेहून कामाचा पूर आला. पोपटशेठनी श्रीपादला बोलावून हिशेब समजावला. "सहा मानसांना साठ दिवस लागतात ना? मंग साठ मानसांना सहा."

"शेठ, नव्या माणसांना शिकवावं लागतं."

"मंग शिकवनारे घे."

आठ महिन्यांत डोंबिवलीतल्या कॉम्प्युटर क्लासांतून अठ्ठावन्न पोरं-पोरी भरती झाल्या. जुन्यांनी काम थांबवून नव्यांना शिकवलं, त्या नव्यांनी आणखी नव्यांना शिकवलं, आणि दिवाळीपर्यंत अशी अवस्था आली की गाळ्यात सगळे एकमेकांना शिकवत होते आणि काम मंजुळा करत होती.

भाजीचा रिवाजही मोडला. एक दिवस पेंडसे नावाचे गृहस्थ छत्री घेऊन गाळ्यात आले. त्यांची मुलगी नवीन लागली होती. "माझी मुलगी इंजिनिअर आहे," ते श्रीपादला म्हणाले. "ती गेले तीन आठवडे रोज पहाटे उठून तीस माणसांचं भरीत करते. ही कंपनी आहे का खानावळ?"

श्रीपादने त्यांची तब्येत विचारली. दुसऱ्या दिवशी भाजी बंद झाली आणि चूक-वही सुरू झाली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. चार रकाने: तारीख, प्रोग्रामचा नंबर, चूक काय, सही. ज्याला चूक सापडली त्याने सही करायची. ज्याने चूक केली त्याचं नाव लिहायचंच नाही. त्याला बाजूला घेऊन तोंडी सांगायचं. कोणाच्या मुलीचं नाव कागदावर चुकीपुढे लागू नये, आणि पुन्हा छत्री घेऊन कोणाचे वडील येऊ नयेत, म्हणून श्रीपादने ही पद्धत घातली. आपण माणुसकीने वागलो असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. ही पद्धत त्याने वहीत कुठे लिहून ठेवली नाही. लिहायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होती.

जुलै ९८ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेचा फॅक्स आला. काम आटोक्यात येत आहे, सबब चौसष्टांपैकी बारा माणसं महिनाअखेर कमी करावीत. ज्यांच्या कामाचा दर्जा सर्वांत कमी, तेच काढावेत, आणि ते कसे निवडले याचा तक्ता पाठवावा.

"गुरवारपर्यंत यादी दे," पोपटशेठ म्हणाले.

श्रीपादने बुधवारपर्यंत यादीला हात लावला नाही. कोणती बारा माणसं कुचकामी आहेत हे त्याला तोंडपाठ होतं; प्रश्न तोंडाचाच होता. गुरुवारी पुण्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी निघाली. खरं तर ती रविवारी होती, पण श्रीपाद गुरुवारीच गेला.

मग यादीचं काम पोपटशेठचा भाचा गुणाजी याच्याकडे आलं. गुणाजी बी.कॉम. होता आणि ऑफिसची हजेरी बघे. त्याआधी पाच वर्षं तो याच गाळ्यात रंगाच्या घाण्यांवर सुपरवायझर होता. तिथेही एक लाल वही असे, खराब मालाची. ज्या कामगाराने घाणा नासवला त्याने तिच्यात सही करायची, ही तिथली रीत. सही म्हणजे कबुली. गुणाजीने चूक-वही उघडली, सह्यांचा रकाना पाहिला आणि त्याला हायसं वाटलं. कॉम्प्युटर आला तरी जग तेच होतं. त्याने दोन दिवस बसून सह्या मोजल्या. दोनदा मोजल्या. आकडा दोन्ही वेळा तोच आला. पहिल्या नंबरावर मंजुळा केणी, चुका तीनशे बारा. तिच्यामागे ओळीने अकरा जण, जे जे दुसऱ्यांचं काम नीट वाचत ते सगळे. पेंडशांच्या मुलीची एकही सही नव्हती. ती सर्वोत्तम ठरली.

सोमवारी श्रीपाद पेढे घेऊन आला.

"ये, बिवलकर, ये!" पोपटशेठ खुर्चीतून अर्धे उठले. हे पूर्वी कधी झालं नव्हतं. "तुजा फॅक्स पोचला. उत्तर पन आला."

"माझा फॅक्स?"

"तुज्याच नावानं धाडला. तू पुन्याला जेवत बसलास, मंग भाच्यानं बनवला. वाच."

श्रीपादने उत्तर वाचलं. अमेरिकन साहेबांनी लिहिलं होतं की आजवर त्यांनी अनेक देशांत कामं दिली, पण चुकांची इतकी प्रामाणिक नोंद कोणी ठेवलेली पाहिली नाही. मिस्टर बिवलकर यांचं अभिनंदन. करारातलं पुढचं कामही यांच्याकडेच. मग त्याने खालचा तक्ता वाचला, आणि पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"पयल्या तारखेपासून तू जनरल मॅनेजर," पोपटशेठ म्हणाले. "केबिन बांधतो तुला. प्लायवूडची, पन दरवाजावाली."

"शेठ, या यादीत मंजुळाचं नाव..."

"अरे हां! तीनशे बारा! तीनशे बारा चुका होईपर्यंत तू काय झोपला व्हतास काय रं? मी तं बोललो, पोरगी हुशार दिसते. बघ, कोनाचा काय सांगता येत नाय."

श्रीपादने तोंड उघडलं. सांगायचं ते एका वाक्यात मावणारं होतं. सह्या पकडणाऱ्यांच्या आहेत, करणाऱ्यांच्या नाहीत. पण त्या वाक्याला शेपूट होतं. म्हणजे कोणी किती चुका केल्या याची नोंद आपल्याकडे नाही. कधीच नव्हती. म्हणजे अमेरिकेला गेलेला तक्ता खोटा, अभिनंदन खोटं, पुढचं काम गेलं, आणि ही पद्धत कोणी घातली, तर मी. आणि दरवाजावाली केबिन.

"काय सांगतोस?" पोपटशेठनी विचारलं.

"काही नाही. आकडा जरा जास्त वाटला."

"मंग कमी करू?"

"नको," श्रीपाद म्हणाला. "आहे तो असू द्या."

"पेढे कसले?"

"सासऱ्यांचे. पंचाहत्तरी झाली."

"तब्येत कशी हाय त्यांची?"

"उत्तम आहे," श्रीपाद म्हणाला.

मंजुळाने त्याला दुपारी पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं. हातात पत्र होतं. "सर, गुणाजीने उलटं मोजलंय. त्या सह्या माझ्या, चुका दुसऱ्यांच्या."

"मला माहीत आहे, मंजुळा."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मग झालं! मला वाटलेलं, तुम्हाला पण कोणी सांगितलं नसेल. शेठना बोललात ना?"

"मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो होतो."

"आणि?"

"विषय निघाला."

मंजुळा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचताना ती अशी बघे. "विषय निघाला, आणि मग कुठे गेला?"

"हे बघ, तू लेखी अर्ज दे. आता पद्धतीने जायला हवं. आपण काही सहा माणसं राहिलो नाही."

"अर्ज कोणाकडे द्यायचा?"

"जनरल मॅनेजरकडे."

"ते कोण?"

"एक तारखेपासून मी आहे."

"आणि मला कधीपर्यंत ठेवलंय?"

"एकतीस."

मंजुळा हसली. चुका तिला पटकन दिसत. "सर, पुढच्या महिन्यात माझा साखरपुडा आहे. कळव्याची माणसं आहेत, त्यांना कॉम्प्युटरवाली सून पायजेल म्हणून माझ्या काळ्या रंगावर पण काय बोलले नाहीत. त्यांना काय सांगू? तीनशे बारा चुका केल्या म्हणून काढली?"

"कपात झाली म्हणून सांग ना. सगळीकडेच होते."

"पत्रावर 'कामाचा दर्जा असमाधानकारक' लिहिलंय. खाली तुमचं नाव आहे."

"ते वाक्य बदलून घेतो मी," श्रीपाद म्हणाला. त्या क्षणी त्याच्या मनात ते खरोखरच होतं. पुढे तीन आठवडे रोज सकाळी ते त्याच्या मनात येई, आणि दुपारी टायपिस्ट जेवायला जाई.

काढलेल्या बारा जणांपैकी अकरांनी भांडण केलं, रडारड केली, एकाचे काका नगरसेवकाला घेऊन आले. सह्या उलट्या मोजल्या हे त्यांनीही सांगितलं, पण काढलेला माणूस असंच बोलणार, असं पोपटशेठ म्हणाले. मंजुळाने काहीच केलं नाही. ती एकतीस तारखेपर्यंत रोज वेळेवर आली आणि दुसऱ्यांचे प्रोग्राम वाचत राहिली. एकोणतीसला श्रीपादने तिला कोरा कागद दिला. दर्जाच्या सर्टिफिकेटसाठी ठाण्याहून एक सल्लागार येत होता आणि प्रत्येक कामाची रीत कागदावर असायला हवी होती. "चुका कशा शोधायच्या, तेवढं लिहून दे," तो म्हणाला. "मागे राहणाऱ्यांना उपयोग होईल."

मंजुळाने उभ्याउभ्या लिहिलं. "दुसऱ्याने लिहिलेलं शेवटपर्यंत वाचायचं. कळलं असेल तर बोलायचं." खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"एवढंच?"

"दुसरं वाक्य कठीण आहे, सर," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

सल्लागाराला तो कागद फार आवडला. त्याने त्याच्या दोन प्रती काढून घेतल्या.

ऑगस्टमध्ये उरलेल्या बावन्न जणांनी एक गोष्ट शिकून घेतली, आणि ती त्यांना कोणाला शिकवावी लागली नाही. चूक दिसली की मान खाली घालायची. वहीत जूनमध्ये एकशे चाळीस नोंदी होत्या. ऑगस्टमध्ये चार झाल्या. त्या एका नव्या पोराने केल्या होत्या, त्याला दुसऱ्या आठवड्यात शेजारच्यांनी समजावलं. सप्टेंबरमध्ये शून्य. गुणाजीने त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला, उतरती रेघ, शेवटी जमिनीला टेकलेली. अमेरिकेहून पुन्हा अभिनंदन आलं. पोपटशेठनी गाळ्यात सत्यनारायण घातला.

"मंजुळाबाईचं काय झालं, कळलं का?" पूजेच्या दिवशी प्रसादाचे द्रोण मांडताना गुणाजीने श्रीपादला विचारलं. "कळव्यावाल्यांनी साखरपुडा पुढे ढकलला. मग आणखी पुढे. आता त्यांनी ऐरोलीची मुलगी केली म्हणे. सर, केळं बारीक कापू का अजून?"

"काप," श्रीपाद म्हणाला.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्याने अमेरिकेला जायच्या तयारीत असलेल्या प्रोग्रामांपैकी एकाचा छापील गठ्ठा केबिनमध्ये आणला. फार दिवसांनी तो दुसऱ्याचं लिहिलेलं वाचत होता. तिसऱ्याच पानावर चूक होती. शंभराने भाग जाणारं साल लीप नसतं, हे कोणीतरी क्लासात शिकून आलं होतं, आणि चारशेने भाग गेला तर असतं, हे शिकायच्या आत त्याला इथे नोकरी लागली होती. २००० च्या फेब्रुवारीचा एकोणतिसावा दिवस त्याने उडवला होता. पाचव्या पानावर दुसरी चूक. नवव्यावर तिसरी, आणि ती आजीबाईंचीच होती.

श्रीपादने चूक-वही मागवली नाही, स्वतः जाऊन आणली. तारीख लिहिली. प्रोग्रामचा नंबर लिहिला. चूक काय, तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग पेन सहीच्या रकान्यावर आलं आणि तिथे थांबलं. या महिन्यात या वहीतली ती एकच सही ठरणार होती. पोपटशेठ वही बघत नसत. गुणाजी मात्र दर शनिवारी मोजत असे.

त्याने पान नीट, शिवणीला धक्का न लावता फाडलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. गठ्ठा दुसऱ्या दिवशी टेपेवर उतरून अमेरिकेला गेला. त्यामागोमाग आणखी सत्तावन्न गठ्ठे गेले. ते त्याने वाचले नाहीत.

तिथून पुढे श्रीपाद वाट बघू लागला. तिकडे पहिल्याच दिवशी प्रोग्राम चालवतील, पहिल्याच तासाला कोसळेल, फॅक्स येईल. फॅक्सची घंटी वाजली की तो केबिनच्या दारात येऊन उभा राही. रात्री जेवताना बायकोने भाजी वाढली की तो विचारी, "ही कसली?" आणि ती अळूची नसली तरी त्याला ती जात नसे. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. तक्रार आली नाही. डिसेंबरात कामाचा शेवटचा गठ्ठा गेला, तरी आली नाही. मग त्याला वाटायला लागलं की कदाचित चुका तेवढ्याच असतील, त्या एका गठ्ठ्यातल्या. कदाचित पोरं शिकली असतील. कदाचित मंजुळाशिवायही चालत होतं. हा विचार त्याला बरा वाटला, आणि तो त्याने ठेवून घेतला.

जानेवारी ९९ मध्ये अमेरिकन कंपनीच्या एक बाई भारतात आल्या. ठाण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पोपटशेठनी समारंभ ठेवला. बाईंना शाल-नारळ दिला आणि कोळ्यांची टोपी घातली. टोपी कोपरीतून मागवली होती. बाईंनी श्रीपादला चांदीसारखी दिसणारी पाटी दिली. तिच्यावर 'शून्य चुका' असं इंग्रजीत कोरलं होतं. टाळ्या झाल्या. पेंडसे गृहस्थ पहिल्या रांगेत बसून वाजवत होते. त्यांची मुलगी आता टीम लीडर होती.

जेवणाच्या टेबलाशी श्रीपादने धीर केला. घरून पाठ करून आणलेलं वाक्य त्याने बाईंना ऐकवलं. आमचे प्रोग्राम तुमच्याकडे चालवले तेव्हा काही अडचणी आल्या का? असतील तर मोकळेपणाने सांगाव्यात. जबाबदारी माझी आहे.

हे शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं. बोलता बोलता त्याचा हात कोटाच्या खिशावर, वहीतल्या त्या फाडलेल्या पानावर, गेला होता. आज बाईंनी हो म्हटलं असतं, तर त्याने सगळं सांगितलं असतं. निदान असं त्याला वाटलं.

बाईंनी त्याच्याकडे प्रेमळपणे पाहिलं. नाही नाही, त्या म्हणाल्या, तुमचे प्रोग्राम आम्ही चालवले नाहीत. सगळ्या टेपा व्यवस्थित कपाटात ठेवल्या आहेत. तुमच्याशी करार झालेला होता, म्हणून काम पूर्ण करून घेतलं.

आणि भात कोणता, तिखट का साधा, हे विचारून त्यांनी साधा घेतला. नवी सिस्टीम त्यांच्या कंपनीने बाहेरून तयार विकत घेतली होती, ९८ च्या मार्चमध्ये.